चवीपुरतं

लातुरात, क्लासच्या मागच्या गल्लीत
माझी मेस. बेचाळीस डबे.
वीस वर्षं वरणाचं मीठ
जिभेच्या टोकानं मोजलं.

आता जीभ रजेवर.
कागदावर एकशे सत्तर, खाली शंभर.
डॉक्टरीणबाईंनी पापड, लोणचं, सांडगी मिरची
सरळ खोडून टाकली.
सैंधव चालंल का, विचारलं तर म्हणाल्या,
मीठ ते मीठच, गुलाबी असलं तरी.
जावयानं लसणाच्या गोळ्या धाडल्या,
बाटली फळीवर, सील तसंच.
विचारीन पुढच्या खेपेला.

माझं वरण वेगळ्या पातेलीत.
पहिले आठ दिवस भाकर घशात अडायची,
मग जवारीला तिची स्वतःची चव असते
हे साठीत कळलं.

चव बघायला अहमदपूरचा मोईन असतो,
डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारा.
चमचा तोंडात, डोळे मिटलेले:
"मावशी, अजून चिमटीभर."

काल म्हणाला, "आज तुमच्यातलं वाढा."
दोन घास खाल्ले, बोलला काही नाही.
मग उठून लिंबू कापलं,
अर्धं माझ्या ताटात पिळलं.