बातमीचं शेपूट

बातमी खालून कापतात.
आमच्या धंद्यातलं हे पहिलं शहाणपण.
योएन्सूच्या दैनिकात, क्रीडापानावर,
एकतीस वर्षं कात्री माझ्याच हातात होती.

आर्मास कोर्तेलाइनेन
हॉकीचा सामना संपला की सरळ टेबलाशी यायचा नाही.
आधी नदीकाठानं लाकडाच्या वखारीपर्यंत,
तिथून परत. आठ किलोमीटर.
उणे बावीस असो, उणे अठ्ठावीस असो.
मग दारात उभा: भुवया पांढऱ्या,
कपाळावरचा दिवा विझवायचं विसरलेला,
खिळ्यांचे बूट हीटरवर,
ओल्या कुत्र्याचा वास सगळ्या मजल्यावर.
मी ओरडायचे, पान साडेअकराला सुटतं!
तो म्हणायचा, लिहून झालंय हेल्का,
फक्त टंकायचं राहिलंय.

आणि खरंच. त्याची वाक्यं
एका उच्छ्वासाएवढी असायची.
चढ आला की आणखी आखूड.

दुसऱ्यांच्या वेळा तो सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहायचा.
स्वतःच्या, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, पेन्सिलीनं,
बायकोच्या दातांच्या डॉक्टरच्या तारखेशेजारी.
लग्नाच्या वाढदिवसाच्या चौकटीत एका वर्षी
'बत्तीस, वारा उलटा' एवढंच होतं.
आइला हे सांगताना हसली,
पण जरा उशिरा.

एक खोड मात्र जाईना.
शर्यत कुठलीही असो, शेवटची ओळ ठरलेली:
सर्वांत शेवटी कोण आलं. नाव, गाव, वेळ.
तोहमायार्वीची टपालवाली लेंपी साविनाइनेन,
पाच तास एकोणपन्नास मिनिटं.
मी कापायचे.
टायरची जाहिरात आडवी आली
की आधी तेच शेपूट जायचं.
पुढच्या रविवारी तो पुन्हा लिहायचा.
यावरून आम्ही कधी भांडलो नाही.
दोघंही आपापलं काम करत होतो.

मग त्याची साठावी मॅरेथॉन.
गुडघा उन्हाळाभर कुरकुरत होता,
तिसाव्या किलोमीटरला त्यानं बोंबच मारली.
आर्मास पोचला तेव्हा
कमान उतरवून गाडीत घातली होती,
केळ्यांची खोकी रिकामी,
बँडवाले बिअर प्यायला गेलेले.
घड्याळ घेऊन एक शाळकरी पोर तेवढी थांबली होती,
कारण तिला घरी जा असं कुणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी बातमी आली, नेहमीसारखी.
विजेता, वारा, पस्तिसाव्यानंतरची झुंज.
आणि तळाला:
सर्वांत शेवटी आर्मास कोर्तेलाइनेन, योएन्सू,
सहा तास दोन मिनिटं.

त्या रात्री जाहिरात नव्हती. जागा होती.
तरी मी कापली.
दया आली म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं,
आणि चांगली झोपलेसुद्धा.

सकाळी त्यानं पान उघडलं,
तळाच्या कोऱ्या पट्टीवर बोट टेकवलं.
'इथं पोचलो होतो मी,' म्हणाला.
रागानं नाही.
वाट चुकलेल्याला पत्ता सांगावा तसं.

त्यानंतर मी जाहिराती कापायला शिकले.
जाहिरात विभागानं माझ्याशी बोलणं सोडलं,
तेही एका अर्थी बरंच झालं.

आज कात्री खाली ठेवायची रात्र.
आर्मास केव्हाच निवृत्त झालाय.
त्याला आता पळणं म्हणावं का,
हे त्याचा गुडघाच जाणे.
पण खिडकीतून दिसतो तो दिवा,
नदीपलीकडे, बर्चच्या खोडांमागून
लागत, विझत, लागत.
पान तयार आहे.
छापखान्यातून पोरगा तिसऱ्यांदा फोन करतो:
सोडू का?

थांब रे जरा, म्हणते मी.
एक जण अजून पुलावर आहे.