दोन लिटर

एकतीस वर्षं मी लोकांना पाण्याची बिलं पाठवली.
टूसॉन, पाणी खातं, दुसरा मजला, खांबाआडचं टेबल.
कुणाचा नळ गळतो, कुणाकडे पाहुणे आलेत,
कुणाची बाग मेली आणि मग घर विकायला निघालं,
सगळं आकड्यांवरून कळायचं.
पाणी मात्र कधी टेबलावर आलं नाही.

निरोपाला त्यांनी केक कापला आणि बुटांचं कुपन दिलं.
बूट महिनाभर खोक्यातच होते.
मग एका गुरुवारी, उजाडायच्या आत,
डेल्फीन ओचोआ दारात उभी.
शाळेची बस चालवायची ती. अजून निघताना माणसं मोजते,
सात, आठ, नऊ,
आणि म्हणते, पिशव्या उघडा, पाणी दाखवा.

दोन लिटर म्हणजे दोन किलो.
सासष्टाव्या वर्षी हे मला पाठीनं सांगितलं.

पहिल्या चढावर गुडघा बोलू लागला,
दुसऱ्या चढावर मी त्याच्याशी,
मराठीत, म्हणजे बाकीच्यांना कळू नये.

सग्वारोच्या अंगाला निऱ्या असतात.
पाणी मिळालं की सैल पडतात,
आटलं की घट्ट बसतात, चापूनचोपून.
मी एकीवर तळहात धरला, काट्यांपासून बोटभर लांब,
आणि सवयीनं रीडिंग घेतलं.

खाली कोरड्या ओढ्याच्या काठी एक झाड बघून
पाय थांबलेच.
त्याच शेंगा, तेच काटे, तीच भोकाभोकांची सावली.
मेस्कीट, डेल्फीन म्हणाली, अगदी इथलंच.
म्हटलं, आमच्या आटपाडीला हिला वेडी बाभूळ म्हणतात.
कुणी कधी बी नेलं कोण जाणे,
ती तिकडे माजली,
सरपणाला बरी म्हणून कुणी फार बोललं नाही.
ती इथून तिकडे गेली, मी तिकडून इथे आले.
वाटेत कुठे गाठ पडली असेल तर
दोघींनाही आठवत नाही.

मोरेश्वर येत नाही.
वाटेच्या तोंडाशी गाडी लावून, काचा खाली करून
शब्दकोडं सोडवत बसतो.
ऊन दारापर्यंत आलं की गाडी हलवतो, सावलीपुरती.

चोया नावाचं एक निवडुंग आहे.
त्याला हात लावावा लागत नाही, नुसतं जवळून गेलं तरी पुरे,
गोळाच्या गोळा पोटरीवर येऊन बसतो,
लग्न नसताना मुक्कामाला आलेल्या मावसभावासारखा.
ओढायला जावं तर बोटांना चिकटतो.
उपाय एकच, म्हणे, कंगवा.
दात आत सरकवायचे, तोंड फिरवायचं, झटकन उडवायचं.

मोरेश्वरचे केस जाऊन पंचवीस वर्षं झाली,
खिशातला कंगवा गेला नव्हता.
मी मागितला. त्यानं का ते विचारलं नाही,
शर्टाला पुसून दिला.
म्हणाला, एवढी वर्षं बाळगलाय,
एखादा दात कमी असेल.

परवा वरपर्यंत गेले.
शेवटचा टप्पा हातापायांनी, लाज सोडून.
डेल्फीननं वरती पुन्हा मोजलं: नऊ.
खाली सगळं शहर, छपराछपराखाली एक मीटर,
आणि मधून गेलेली वाळूची पट्टी,
जिला नाव आहे, पूल आहे,
नकाशात निळा रंगसुद्धा आहे.
मी पहिल्यांदाच माझं खातं बाहेरून बघत होते.
कुणी फोटो काढला. त्यात माझे डोळे मिटलेत.

उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला.
गाडीशी आले तेव्हा बाटलीत चार घोट उरले होते.
मोरेश्वरपुढे धरली.
तो एक घोट घेऊन म्हणाला, गरम आहे.
म्हटलं, पी.
वर नेऊन आणलंय ते.