मळी

आमच्या आमणापुरात मळी हा शब्द दोनदा लिहावा लागतो.
एक नदीकाठची, काळी, वांग्याला गोड करणारी.
दुसरी कारखान्याची.
ती सुटली की पहाटे चिलापी पोट वर करून येते
आणि लोक युरियाच्या पिशव्या घेऊन धावतात.
वहीत नुसतं ‘मळी गेली’ किंवा ‘मळी आली’ लिहिते.
गेली ती कुठली, आली ती कुठली,
हे गावातल्या कुणालाही कळेल.

दर गुरुवारी, शाळा सुटल्यावर.
मोजपट्टी शाळेचीच, शून्याकडून तीन सेंटिमीटर तुटलेली.
म्हणजे माझा मीटर सत्त्याण्णवचा.
नदीला हे सांगितलेलं नाही.

खुंट्या नऊ. बाभळीच्या.
पूल झाल्यावर सिद्राम आंबीची नाव पालथी पडली,
तेव्हा तिच्या उरलेल्या लाल रंगानं त्यानंच आकडे घातले.
चार उलटा काढला. राहू दिला.

खुंटी दोन ते कड : अकरा मीटर.
पुढच्या वर्षी आठ.
पूर चढताना काठ पडत नाही, बाई,
उतरताना पडतो, सिद्राम म्हणाला.
पाणी असतं तोवर ते भिंतीला धरून असतं.
हे मी वहीत लिहिलं नाही.
रकाना नव्हता.

प्राणी :
टिटवी, चार अंडी, खडे समजून पाय पडता पडता वाचली.
ऊदमांजराची विष्ठा, त्यात खेकड्याची कवचं.
मगर, अंदाजे नऊ फूट, जबडा उघडून,
औदुंबराकडच्या आरतीचा लाउडस्पीकर ऐकत असल्यासारखी.
मी पट्टी काखेत धरून उभी.
तिची लांबी अंदाजेच राहिली.

मग ती रेघ.
पूर जिथवर येऊन थबकला तिथं तो स्वतःच ओढून जातो,
यंदा माझ्या डोक्याच्या वर, बाभळीच्या काट्यांत :
उसाचं पाचट, थर्माकोलची ताटं,
सलाइनची बाटली, नळीसकट,
फवारणीच्या औषधाचे डबे सव्वीस,
डाव्या पायाच्या चपला एकोणीस, उजव्या सात.
(उजवे पाय कुठल्या गावाला लागतात?)
कुणाच्या तरी लग्नाचा फोटो, लॅमिनेशनमुळे टिकलेला,
नवऱ्याचं तोंड पांढरं झालेलं, नवरीचा चुडा हिरवागार.
तो कचऱ्यात मोजू की नको, यात अंधार पडला.
घरी आणला. अजून आहे.

हिराबाई आंबी वांगी तोडता तोडता विचारते,
मोजलं की थांबतं व्हय?
न्हाई.
मग?
मग काय. पट्टी पुसून घेते.
तिच्या मळीतले सहा सरे गेले तेव्हा
तिनंच येऊन सांगितलं होतं, सहा सरे, ल्ही.
मी तीन वजा न करता लिहिले.

वैशाखात खुंटी सातजवळ गेले तर
सात नव्हती.
तिच्या जागी हवा होती, आणि हवेखाली
दीड पुरुष खोल ताजी कड,
पिवळट, ओली, चाकूनं खरवस कापावा तशी.
आणि कडेला बिळं.
आडवं झोपून डोकं बाहेर काढून मोजली, एकतीस.
वेडे राघू चोचीत चतुर घेऊन आत शिरत होते,
मागे पायांनी माती उडवत होते,
माझ्या कपाळावर पडत होती.

गेल्या वर्षी ही भिंत जमिनीच्या पोटात होती.
हिराबाईचे सहा सरे गेले नसते
तर हिला तोंड फुटलं नसतं.
हे तिला कसं सांगायचं?
सांगितलं नाही. एकतीस सांगितलं.
ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या बापडी.
मग थोडं थांबून, भाडं तरी द्या म्हणावं.

पुढच्या भाद्रपदात भाच्याचा फोन, हरिपुरातून,
संगमाखाली, केरात, लाल रंगाची खुंटी सापडलीय मावशी,
सात लिहिलंय, तुझी का?
माझीच.
कुठल्या रकान्यात?
जमीन, जनावर, की वाहून आलेलं?
पेनचं टोपण चावत बसले.

आता नवी सात ठोकलीय, दहा पावलं मागं,
हिराबाईच्या वांग्यांत.
खुंटी सात ते कड :
सत्त्याण्णव, आणखी एकदा सत्त्याण्णव,
आणि वर थोडं.