निकाल राखून ठेवला आहे

गोवंडी स्टेशनाबाहेरच्या सायबरमध्ये
दहा रुपयांत माझं नाव छापून मिळालं:
धोत्रे सुवर्णा यल्लप्पा शांतव्वा.
आधी आडनाव, मग मी, मग बाप,
आई सगळ्यात शेवटी,
मध्ये साधा स्वल्पविरामही नाही.
सहावं सत्र, सगळे विषय पास.
आणि खाली, जिथे एकच शब्द हवा होता,
तिथे तीन अक्षरं: आर एल ई.

आई मेथी निवडत होती.
झालीस न्हवं पास?
झाले गं. पण झाले नाही.
आसं कुठं आसतंय व्हय, म्हणाली,
भात शिजतोय, न्हाईतर शिजत न्हाई.

कॉलेजात खिडकी क्रमांक तीन, जेवणाची सुट्टी संपता संपता.
तांडेलबाईंनी कागद हातभर लांब धरून वाचला,
डब्याचं झाकण लावलं, हात पुसले.
'खालच्या परीक्षेसाठी राखून ठेवलाय.
सेम दोन. फाउंडेशन कोर्स.
पंच्याहत्तरात तीस लागतात, तुझे एकवीस.'
पण मला तर तेव्हा एटीकेटी मिळाली होती.
'मिळाली होती ना? मग फॉर्म कधी भरलास?'

आमच्या गल्लीत केटी लागते,
साडेसाती लागते तशी.
पोरं ती सांगत नाहीत घरी,
एक जण तर त्यापायी काकाकडे पनवेलला राहायला गेला.
मला वाटलेलं, साडेसातीसारखीच जाईलही
आपोआप, शनी सरकला की.

बाईंनी माझ्याच प्रिंटच्या पाठीवर लिहिलं:
अलाउड टू कीप टर्म्स.
म्हणजे पुढच्या वर्गात बसायची परवानगी.
तीन वर्षं मी एका परवानगीला
तोंड लपवत फिरले.

मग विचारून घेतलं सगळंच, मागे रांग चुळबुळत असताना.
बाई, कृपांक?
'असतात. पण नऊ कुणी देत नाही. कृपेलाही कलम असतं.'
पुनर्मूल्यांकन?
'त्याची मुदत गेली, तू एफवायला असतानाच.'
आणि क्रेडिट म्हणजे?
इथे बाई थांबल्या जरा.
'उधारी नव्हे,' म्हणाल्या, 'जमा.'

त्या पेपरात प्रश्न आला होता, मला नीट आठवतो:
निवाऱ्याचा हक्क स्पष्ट करा. गुण पंधरा.
त्याच आठवड्यात पालिकेची गाडी येऊन गेली होती,
आणि मी रात्रभर पत्रे मोजत बसलेले,
आमचे किती, शेजारच्यांचे किती.
दोन ओळी लिहिल्या.
तिसरी खोडली.
पुरवणी मागितली नाही.

हे बाईंना सांगितलं नाही.
त्यांच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता,
आणि त्यांनी फॉर्मवर लाल शाईने
शेवटची तारीख दोनदा गोल केली होती,
ते मला पुरेसं होतं.

घरी आले तेव्हा दिवे लागले होते.
शेजारचा अकरावीतला यंकप्पा उंबऱ्यात उभा:
ताई, एटीकेटी म्हणजे नापासच ना?
म्हटलं, बस. चप्पल काढ. वही आण.

आईने पुन्हा विचारलं, काय म्हणाली बाई?
मी जसंच्या तसं सांगितलं:
निकाल राखून ठेवला आहे.

तिने तवा उतरवला.
बाप नाक्यावरून उशिरा येतो
तेव्हा त्याचं ताट ती झाकून ठेवते,
वर पितळी, पितळीवर वरवंटा,
मांजराला उचलता येऊ नये म्हणून.
ठेवलाय न्हवं राखून, म्हणाली,
म्हंजी तुजाच हाय.
कुणाकडं हाय?

कलिन्याला, विद्यापीठात.

मग जा की. आण जाऊन.

ऑक्टोबरात पेपर आहे.
पंच्याहत्तरात तीस.