कानाच्या आतलं हाड

घणसोलीत, खाडीच्या बाजूला, टॉवरच्या पायव्यात
सोळा फुटांवर चिखल निळा झाला
आणि जेसीबी थांबला.
थावरू राठोड खाली उतरला. हातमोजे कुणी दिले नव्हते.
कलिंगड उचलावं तसं त्याने ते डोकं उचललं
आणि (हे त्याने मला फार नंतर सांगितलं)
कपाळावरचा गाळ अंगठ्याने पुसला.

महाप्याच्या प्रयोगशाळेत ती माझ्याकडे आली
नमुना क्रमांक सात होऊन.
सगळ्या सांगाड्यात एकच हाड चिवट,
कानाच्या आतलं, सुपारीएवढं.
मांस जातं, बोटं जातात, नाव तर सगळ्यात आधी.
हे राहतं.
ज्यातून तिने उघाडीतून शिरणारी भरती ऐकली असेल,
हाका ऐकल्या असतील, ऐकून न ऐकल्यासारखं केलं असेल,
तिथेच मी बारीक ड्रिल लावलं.
पन्नास मिलिग्रॅम भुकटी. पिठीसाखर जणू.
दोन मास्क, तीन हातमोजे, श्वास रोखलेला.

बाबांना कळलं तेव्हा ते फाईल घेऊनच बसले.
साडेबारा टक्क्यांची फाईल.
सातबाऱ्याचे उतारे, आजोबांच्या नावातली चूक,
मढवीचा झालेला माढवी,
त्या एका कान्यापायी एकवीस वर्षं.
"लिवून आन गो तुझ्या मशीनकडून,
आमी पयल्यापासून इथलंच.
मिठागरं आमची, बांद आमचं, निवट्या पन आमच्याच."
मी म्हटलं, बाबा, मशीन दाखला देत नाही.
"मंग पगार कशाचा देतान तुला?"

सात आठवडे.
आपल्या दमट हवेत हा धागा टिकत नाही.
भिजलेल्या वहीसारखा विरतो,
मुळात अक्षरं चार, तीही लगद्यात.
तरी एका नळीतून उतारा आला,
लांबलचक, धडधाकट, संशय यावा इतका.
जुनं असं नसतं.
जुन्याच्या कडा झिजलेल्या असतात.
मग ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांच्या
गालांच्या आतून कापसाचे बोळे. माझाही.

जुळला तो थावरूचा.

रेशनच्या दुकानातलं यंत्र त्याचा अंगठा ओळखत नाही.
सिमेंटने रेषा खाल्ल्यात.
पुसदकडच्या तांड्यातून निघाला, ऊसतोडीला कोल्हापूर,
मग सुरत, मग इथे.
तांड्यावर विचारतात, "कुठं असतोस?"
इथे विचारतात, "कुठला?"
आमच्या यंत्राने त्याला पहिल्या फटक्यात ओळखलं
आणि अहवालात, नियमाप्रमाणे,
मी त्याच्यापुढे लिहिलं: दूषण.

उरली दाढ.
लहानपणी प्यालेलं पाणी दाढेत राहतं,
जन्मभर, आणि त्यापुढेही.
तिचं पाणी आपल्या काळ्या कातळातलं नव्हतं.
कुठलं, ते ठाम सांगता येत नाही.
दक्षिणेचं, कदाचित.
होडीतून आली, की कुणाचं बोट धरून चालत,
की कुणी आणली, दाढ बोलत नाही.
सहा-सात वर्षांची होती तेव्हा ती इथली नव्हती.
चाळिशीत ती इथल्या चिखलात होती.
मधलं काहीच नाही.

बाबांनी ऐकून घेतलं.
फाईलला रबर लावलं, तुटलं, दुसरं लावलं.
"लगीन होऊन आली आसल," म्हणाले.
"तुझी आयस नाय का उरणशी आली."
आणि थोड्या वेळाने,
"गोडं पानी मिललं आसल का गो तिला इथं?"

टॉवर आता अकराव्या मजल्यावर आहे.
थावरू गेटपाशी भेटला, हेल्मेट काखेत.
काय झालं त्या बाईचं, म्हणाला.
मी सांगितलं, जमेल तितकं.
तो आपला अंगठा उलटसुलट बघत राहिला.
"माझ्यामुळं खराब झालं का, मॅडम?"

मी नाही म्हटलं.