कॉलबुक

आगवाली चाळीतली कुत्री
त्याच्या सायकलला भुंकत नसत.
आधी चेनकव्हरची खडखड, मग स्टँड, मग कडी,
तीनदा. चौथ्यांदा त्यानं कधी वाजवली नाही.
"भारंबेसाहेब, कॉल. दोन चाळीस.
मनमाडपर्यंत कोळसा."

मी दार उघडायचो ते शिवी तोंडात धरूनच.
पोरं उठली म्हणून शिवी, नाही उठली तरी शिवी.
मे महिन्यात तर अंगणात बाज टाकून
ओली चादर अंगावर घेऊन
जरा कुठं डोळा लागलेला असायचा.
तो बॅटरीचा उजेड वहीवर पाडायचा,
माझ्या डोळ्यांवर कधीच नाही.
मी सही करायचो, वेळ टाकायचो,
आणि वही काखेत मारून तो शेजारच्या दाराला.

सव्वीस वर्षं.
स्वतःचं नाव एवढ्या वेळा मी दुसरीकडं कुठंच लिहिलं नसेल.
त्याचं नाव मला अकराव्या वर्षी कळलं,
तेही पगाराच्या रांगेत, कोणी मागून हाक मारली तेव्हा.
रुबाब तडवी.
मी हसलो होतो.
पाच फूट उंची, स्वेटरचं कोपर उसवलेलं,
आणि नाव रुबाब.

धाकटीला टायफॉइड झाला तेव्हा
तीन रात्री मी दवाखान्याच्या बाकावर काढल्या.
चौथ्या रात्री कडी वाजली.
तेवढ्या एकदाच
उजेड माझ्या तोंडावर पडला.
थोडा वेळ तिथंच राहिला.
मग त्यानं वही मिटली.
"साहेब, तुमच्या दाराला कुलूप होतं," म्हणाला,
आणि सायकल ढकलत, न चढता, निघून गेला.

पुढं मला विनाअपघात सेवेचं प्रमाणपत्र मिळालं.
फोटोत मी आहे, मोठे साहेब आहेत,
साहेबांचा शिपाईसुद्धा अर्धा आलाय.

मग मोबाइल आले. कॉल खिशात वाजायला लागला.
रुबाबला लॉबीत पाण्याच्या कूलरपाशी
एक रजिस्टर देऊन बसवलं.
त्या रजिस्टरमध्ये काय लिहायचं
हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.
रिटायर झाला त्या दिवशी साहेबांना मीटिंग होती.
नारळ मिळाला, आणि भिंतीवरचं घड्याळ.
सेल घातलेले नव्हते.
मी टाळ्या वाजवल्या, दोनची बस होती म्हणून निघालो.

जामनेर रोडला पोचेपर्यंत
हात तापलेलेच होते.

त्या रात्री पोराची सायकल काढली.
खडका रोड, मशिदीमागची गल्ली, तिथली कुत्री
मला भुंकली, आणि बरोबरच होतं त्यांचं.
कडी. तीनदा.
"तडवीसाहेब, कॉल."

दार लगेच उघडलं. अंगात स्वेटर, पायात बूट.
"या टायमाला झोप लागत नाही, साहेब."
मी शंभर पानी नवी वही पुढं केली,
बॅटरी खाली धरली, नीट, पानावर.
"सही करा."
"गाडी कोणती?"
"गाडी नाही काही."
त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.
अक्षर अक्षर जोडत नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांसकट.
मग मनगट उजेडात धरून वेळ टाकली,
आणि म्हणाला,
"तीन मिनिटं लेट आहात."

आतून कोणीतरी झोपेतच
एक सणसणीत शिवी हासडली.
ती घेऊन मी घरी आलो.