हीटरसकट

वाडीचा प्लॉट विकला तेव्हा
मला वाटलं, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला.
गुणवंतराव म्हणाले, "मॉरिस मायनर. अठ्ठावन्नची.
माझ्याहून चार वर्षांनी लहान."
आणि मोबाइल पुढे केला.
कुठल्याशा इंग्रजी गावात, ओल्या भिंतीपाशी
एक राखट हिरवी गाडी, डोळे मोठे करून,
मुलगी दाखवायला उभी करावी तशी.

तेरा महिने लागले.
तिकडची बाई, डोरीन, पैशांचं कमी विचारायची.
तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात का, विचारलं एकदा.
हे जेवता जेवता हसले. "मीठ? अन् रस्त्यावर काहून?"
मग कळलं, तिकडे बर्फ वितळवायला टाकतात,
आणि मीठ पत्रा खातं, खालून, गुपचूप.
यांनी एका बोटानं उत्तर लिहिलं:
नो सॉल्ट मॅडम. ओन्ली ऊन.

मग कागद. चेसिस नंबरवर पेन्सिल घासून काढलेला ठसा,
विमा, बँकेचं पत्र, त्या पत्राचं पत्र,
लांजेवार एजंटचा फोन, नेमका दुपारच्या डुलकीत:
"काकाजी, एक सही राहून राहिली."
एका कागदावर किंमत, दुसऱ्यावर ड्यूटी.
दुसरा वाचून हे पाणी प्यायले.
चार आण्याची कोंबडी, मी म्हटलं,
आणि मसाल्यापाशी थांबले.

अजनीच्या डेपोत, मे महिन्यात, सील कापलं.
दार उघडल्यावर आधी आला तो वास:
दमट लोकर, जुनं चामडं, थोडा कुत्रा.
कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं झालं.
बाहेर सेहेचाळीस. पत्र्याला हात लावायची सोय नाही.
कस्टमचा पोरगा यादी वाचत गेला,
स्टेपनी एक, जॅक एक, हीटर एक.
हीटर?
हमाल हसले, लांजेवार हसला,
मीही, तोंडावरच्या दुपट्ट्याआड.
नागपुरात. पैसे भरून. हीटर.
हे तेवढे गंभीर. "चालतो तो. डोरीनबाईंनी लिहिलंय."

मोमीनपुऱ्याच्या अकील मिस्त्रीनं बोनेट उघडलं
आणि बराच वेळ काही बोललाच नाही.
मग इंजिनालाच म्हणाला, "आप आराम से."

पाय दुखत होते म्हणून मी डाव्या बाजूला बसले.
सीटला खड्डा होता. फार खोल नाही,
पण वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या बाईचा.
चालवणारा कुणी दुसरा,
ही फक्त म्हणत असणार, हळू, समोर सायकल आहे.
मी त्यात बरोबर मावले, याचा मला रागच आला.
समोरचा कप्पा उघडला. ग्लोव्ह बॉक्स म्हणतात.
आमच्या मारुतीत त्यात पीयूसी, सुपारी, मुडलेला चष्मा.
इथं खरोखरच हातमोजे.
तपकिरी, बायकी. उजव्याची करंगळी
काळ्या दोऱ्यानं शिवलेली, माझ्यासारखीच,
घाईत, गाठ वर दिसेल अशी.
यादीत नव्हते ते.
मी पर्समध्ये टाकले, ड्यूटी न भरता.
यांना अजून सांगितलेलं नाही.

डिसेंबरात पारा सातावर आला.
पहाटे फुटाळ्याकडे निघालो, तर्री-पोह्यांच्या नावानं.
सेमिनरी हिल्सच्या चढावर यांनी ते बटण ओढलं.
आधी खडखड. मग धूळ जळल्याचा वास.
मग पायांशी ऊब,
दुसऱ्या कुणाच्या हिवाळ्यातून उरलेली,
माझ्या गुडघ्यांपर्यंत चढत आली.
"पाय आता," हे म्हणाले, "हसून राहिले होते सगळे."
मी काहीच बोलले नाही.
माझा एक हात पर्समध्ये होता,
त्या शिवलेल्या करंगळीपर्यंत आत.